घोळक्यातला एकांडा शिलेदार

"सरावात मी एकटी सपाट रस्त्यावर सायकलवर ताशी ३३ किलोमीटरनं दोन तास काढते. शर्यतीच्या पहिल्या तासाची सरासरी ३७ होती, आणि घोळक्यात बसल्यावर ती झेपायला हवी होती. तरी पन्नासाव्या मिनिटाला पायांत त्राणच उरलं नाही. असं का?"

संघाशिवाय रोड रेसमध्ये उतरणाऱ्या जवळपास प्रत्येकाला पहिल्या दोन-तीन शर्यतींनंतर हा प्रश्न पडतो. मलाही पडला होता. मी सराव वाढवला, हलकी चाकं घेतली, आणि पुढच्या शर्यतीत जवळपास त्याच मिनिटाला पुन्हा मागे पडले. मग लक्षात आलं, की ताकद किती आहे हे मी मोजत होते, पण ती कुठे सांडते आहे हे कधी पाहिलंच नव्हतं.

मराठ्यांच्या घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार असत. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन येई. संघाकडून धावणाऱ्या सायकलपटूला चाक, पाणी आणि पाठीशी चार माणसं असं सगळं मिळतं, आणि त्या बदल्यात तो सांगितलेलं काम करतो. आपण हौशी, संघ नसलेले, ते एकांडे शिलेदार. घोडा आपला, खुराक आपला, आणि शर्यतीत किती झिजायचं हा निर्णयही आपलाच. हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे, पण त्याचं मोल कळायला आधी हवेचं गणित समजून घ्यावं लागतं.

सपाट रस्त्यावर सायकल चालवताना आपण मुख्यतः समोरची हवा बाजूला सारत असतो. वेग वाढला की हवेचा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. शिवाय तो रेटा दर सेकंदाला जास्त अंतर ढकलायचा असतो, त्यामुळे लागणारी ताकद घनाच्या पटीत वाढते. मध्यम बांध्याचा माणूस, नेहमीची रेसिंग सायकल आणि वारा पडलेला असं धरलं, तर ताशी ३० किलोमीटरला साधारण १४० वॅट लागतात आणि ४० किलोमीटरला ३००च्या आसपास. वेग एक तृतीयांशानं वाढला, पण मेहनत दुपटीच्या वर गेली. त्या ३०० वॅटपैकी दहातले जवळपास नऊ वॅट एकट्या हवेपायी जातात, उरलेले टायर आणि चेनच्या घर्षणात. चांगल्या तयारीचा हौशी सायकलपटू तासभर २०० ते २५० वॅट टिकवू शकतो. म्हणजे ताशी ४०नं एकट्यानं तासभर जाणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं आहे, आणि तरीही त्याच वेगानं जाणाऱ्या घोळक्यात चाळिसाव्या जागी बसलेला माणूस गप्पा मारताना दिसतो.

याचं कारण पुढच्या माणसाच्या पाठीमागची हवा आधीच ढवळली गेलेली असते. त्याचं चाक धरून, हातभर अंतर ठेवून गेलं, तर आपली मेहनत पाव ते एक तृतीयांशानं कमी होते. घोळक्याच्या पोटात बचत आणखी वाढते. आइंडहोवनच्या तंत्रज्ञान विद्यापीठात बर्ट ब्लोकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२१ सायकलपटूंच्या घोळक्याचा अभ्यास संगणकावर आणि पवनबोगद्यात केला. २०१८ साली आलेल्या त्या अभ्यासात घोळक्याच्या आत खोलवर बसलेल्या माणसाला लागणारा हवेचा अडसर एकट्या माणसाच्या तुलनेत अवघा ५ ते १० टक्के निघाला. खऱ्या शर्यतीत घोळके लहान असतात, माणसं विखुरलेली असतात, वारा बाजूनं येतो, त्यामुळे एवढी चैन रोज मिळत नाही. पण तुमच्या दीडशे वॅटमध्ये घोळका तीनशे वॅटचा प्रवास घडवतो, एवढं धरून चालायला हरकत नाही.

चढावर मात्र हा सगळा हिशेब उलटतो. ८ टक्के चढावर ताशी १५ किलोमीटरनं जाताना हवेचा वाटा जेमतेम विसावा हिस्सा असतो, बाकी जवळजवळ सगळं गुरुत्वाकर्षण. तिथे कुणाचं चाक धरून फार काही मिळत नाही आणि संघ असला तरी तो फारसा कामाला येत नाही. म्हणून एकांड्या सायकलपटूनं शर्यत निवडताना आधी मार्गाचा नकाशा पाहावा. लांब चढ असेल तर तिथे सगळे जवळजवळ सारखे. टाइम ट्रायलमध्ये प्रत्येक जण वेगळ्या वेळी सुटतो आणि दुसऱ्याच्या मागे बसायला मनाई असते, त्यामुळे तिथे तर पूर्ण बरोबरी. सपाट, वाऱ्याचा मार्ग आणि चार-पाच भरलेले संघ, ही एकट्यासाठी सगळ्यात कठीण परीक्षा. मला व्यक्तिशः तीच आवडते, कारण तिथे डोकं सर्वांत जास्त चालवावं लागतं.

आता संघ का लागतात ते पाहू. घोळक्यात सगळ्यांना वेग हवा असतो, पण पुढे राहून हवा अंगावर घ्यायला कुणीच तयार नसतं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी, हा प्रश्न प्रत्येक किलोमीटरला नव्यानं उभा राहतो. चार जण निसटून पुढे गेले, तर त्यांना पकडण्यासाठी कुणाला तरी घोळक्याच्या तोंडाशी येऊन झिजावं लागेल, आणि झिजलेल्याला शेवटी काहीच मिळणार नाही. संघ हा तिढा असा सोडवतो, की आमच्यापैकी तिघं झिजतील आणि चौथा जिंकेल. बक्षीस एकाच्या नावावर लागतं, पण त्याचं मोल तिघांनी आधीच चुकवलेलं असतं. एकट्यापाशी ते तिघं नसतात. म्हणून त्यानं स्वतः झिजून पाठलाग केला, तर तो पाठलागही करतो आणि जिंकण्याची शक्यताही स्वतःच्या हातानं घालवतो.

पहिल्या शर्यतींत मी नेमकं हेच करत होते. कुणी निसटलं की अंगात वीज संचारायची आणि मी पुढे होऊन वीस-तीस माणसांना मागे ओढत त्याच्यापर्यंत पोहोचवायचे. पोहोचल्यावर माझ्या मागचा ताजातवाना माणूस बाजूनं निघून जायचा.

इथे एकांड्या शिलेदाराचं मोल कळतं. तुमच्यावर कसलीच जबाबदारी नसते. पळालेल्यांना पकडायची जबाबदारी ज्या संघाचा माणूस पुढे नाही त्याची आणि ज्याचा स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या काही मीटरांत जोर लावून जिंकणारा माणूस, मागे बसून आहे त्याची. तुम्ही नुसतं पाहत राहिलात, तरी कुणी तुम्हाला जाब विचारू शकत नाही. कुणी ओरडेल, "पुढे ये, काम कर!" त्याच्याकडे लक्ष द्यायचं कारण नाही. ओरडणारा बहुतेक वेळा स्वतःचा खर्च तुमच्या खात्यावर टाकायच्या प्रयत्नात असतो.

मात्र मागे बसायचं म्हणजे शेवटच्या रांगेत बसायचं असं नव्हे, आणि माझ्या पन्नासाव्या मिनिटाचं उत्तर याच फरकात होतं. घोळका ज्याला पेलोटॉन म्हणतात तो रस्त्यावर अ‍ॅकॉर्डियनसारखा दबतो आणि ताणला जातो. वळण आलं की पहिला माणूस ४०वरून ३५वर येतो आणि बाहेर पडताना पुन्हा ४० गाठतो. त्याच्या मागचा थोडा जास्त ब्रेक दाबतो, त्याच्या मागचा आणखी थोडा. पन्नासाव्या माणसाला वळणावर जवळजवळ थांबावं लागतं, आणि तो वळणातून बाहेर येतो तेव्हा पुढचे सगळे केव्हाच वेगात असतात. फट भरायला त्याला दहा-पंधरा सेकंद जीव तोडून पॅडल मारावं लागतं. अशी वळणं तासाला चाळीस धरा. पुढच्या माणसानं एकसारखी, शांत मेहनत केली आणि मागच्यानं चाळीस वेळा छोटा स्प्रिंट मारला. सरासरी वेग दोघांचा सारखाच, पण स्नायूंच्या दृष्टीनं या दोन वेगवेगळ्या शर्यती. शहरी रस्त्यांवरच्या छोट्या फेऱ्यांच्या शर्यतीत, म्हणजे क्रायटेरियममध्ये, निम्म्या लोकांचा निकाल असाच लागतो.

म्हणून जागा धरायची ती पुढच्या एक तृतीयांशात. पहिल्या चार-पाचांत आलात तर काम करावं लागतं, आणि विसाव्या-पंचविसाव्याच्या मागे गेलात तर ही ओढाताण सुरू होते. हवी ती जागा या दोन्हींच्या मधली. ती एकदा मिळाली म्हणून टिकत नाही, कारण घोळक्याच्या दोन्ही कडांनी माणसं सतत पुढे येत असतात आणि मधला माणूस काहीही न करता आपोआप मागे ढकलला जातो. पुढे सरकायचं ते घोळका संथ होतो तेव्हा. उतारावर, चढ सुरू व्हायच्या जरा आधी किंवा पळालेला गट पकडला जाऊन सगळे श्वास घेत असतील त्या अर्ध्या मिनिटात. वेग ४५ झाल्यावर कडेनं एकट्यानं वाऱ्यात पुढे जाणं म्हणजे पैसे उधळणं.

घोळक्यात बसण्याची एक शिस्तही आहे, आणि ती अंगात मुरवल्याशिवाय शर्यतीत उतरू नये. तुमचं पुढचं चाक कधीही पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला, त्याला ओलांडून ठेवू नका. तो वितभर सरकला आणि चाकं घासली, तर पडता तुम्ही, तो नाही, आणि तुमच्या अंगावर मागचे दहा. नजर पुढच्या टायरवर खिळू द्यायची नाही. ती त्याच्या खांद्यावरून दोन-तीन माणसं पलीकडे ठेवायची. ब्रेक लावायची वेळ आली तर हलकेच, आणि आधी अंग थोडं उभं करून हवेलाच ब्रेकचं काम करू द्यायचं.

बाजूनं वारा सुटला की मात्र सगळे नियम बदलतात. हे जरा जवळून पाहू. वारा डावीकडून आहे. पहिला माणूस रस्त्याच्या डाव्या कडेला जातो. त्याच्यामुळे मिळणारा आडोसा सरळ मागे नसतो, तो उजवीकडे तिरपा सरकलेला असतो. दुसरा त्याच्या मागच्या चाकाच्या जरा उजवीकडे येतो, तिसरा त्याच्या उजवीकडे, आणि रस्त्यावर पंख्यासारखी तिरपी रांग तयार होते. इथे चाकं एकमेकांना ओलांडतातच, त्यामुळे कुणी रेषा सोडायची नसते. आता रस्ता अरुंद असेल तर सात-आठ माणसांत त्याची रुंदी संपते. नववा माणूस उजव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर येतो, आणि आडोसा मिळण्याची जागा रस्त्याच्या बाहेर, गवतात असते. तो, त्याच्या मागचा, त्याच्याही मागचा, सगळे त्या पट्टीवर एकामागोमाग लटकलेले. टायरखाली खडी करकरते, पुढच्याच्या मागच्या चाकाशी एक वीत, मग दोन विती, मग एक सायकल एवढी फट पडते, आणि ती फट पुन्हा भरत नाही. एका मिनिटात घोळक्याचे चार तुकडे होतात, आणि बलाढ्य संघ मुद्दाम असं घडवतात.

पट्टीवर लटकलेला बहुतेक प्रत्येक जण तसाच लटकत राहतो, आणि तिथेच संपतो. करायचं असं, की दोन-तीन शेजाऱ्यांना हाक मारून स्वतः डावीकडे, वाऱ्याच्या बाजूला जायचं आणि दुसरी तिरपी रांग उभी करायची. क्षणभर वारा अंगावर घ्यावा लागतो, पण मग पुढे राहून वारा घ्यायची पाळी आळीपाळीनं फिरू लागते आणि श्वास परत येतो. संघ नसलेल्या माणसांनी आपसात हात मिळवायची ही एक हक्काची जागा आहे. याहून चांगलं म्हणजे शर्यतीआधी नकाशा आणि वाऱ्याची दिशा पाहून ठेवणं. उघड्या माळावर रस्ता कुठे वळतो आणि वारा कुठून बाजूला येतो हे माहीत असेल, तर त्या वळणाच्या एक किलोमीटर आधी पहिल्या दहांत असायचं. त्या दिवशीचा तुमचा सगळ्यात शहाणा खर्च तो असेल.

मग एकट्यानं स्वतः हल्ला करायचा तो कधी? माझ्या मते सगळ्यात कमी शिकवलेली गोष्ट हीच आहे: पळणारा गट जिंकणार की पकडला जाणार हे त्यातल्या पायांवरून ओळखायचं नसतं, जर्सी मोजून ओळखायचं. समजा, शर्यतीत तीन मोठे संघ आहेत. पुढे गेलेल्या पाच जणांत तिन्ही संघांचा एकेक माणूस असेल, तर मागे कुणालाच पाठलाग करावासा वाटणार नाही, कारण प्रत्येकाचा घोडा पुढे आहे. उलट ते घोळक्याच्या तोंडाशी येऊन वेग मुद्दाम मंद ठेवतील. असा गट जातो. त्यातलं उरलेलं चौथं किंवा पाचवं चाक तुमचं असायला हवं. एखादा मोठा संघ त्यात नसेल, तर तो संघ जीव काढून गटाला परत आणणार. त्यात सामील होऊन दमू नका. तो पकडला जाईल त्या क्षणाची वाट पाहा.

कारण पकडला जाण्याचा क्षण हीच सोन्याची वेळ. पाठलाग करणारे दमलेले असतात, पकडले गेलेलेही दमलेले, आणि सगळे एकमेकांकडे पाहत असतात. निघायचं ते तेव्हाच. पहिल्या जागेवरून निघू नये, कारण तुमच्या मागचा लगेच चिकटतो. आठव्या-दहाव्या जागेवरून, रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं, वेग आधीच वाढवून निघायचं, म्हणजे पहिल्याला ओलांडताना ताशी आठ-दहा किलोमीटरचा फरक असतो. वीस सेकंद सगळी ताकद, मग लगेच मेहनत खाली आणून मिनिटभर तशीच धरायची, आणि त्यानंतरच मागे पाहायचं. दोघं-तिघं आलेले असतील तर उत्तम. सगळा घोळका आला असेल तर निमूट परत आत जाऊन बसायचं. दिवसाला असे दोन, फार तर तीन डाव खिशात असतात.

पुढे गेल्यावर किती आघाडी पुरेशी? फ्रान्समधले सायकलपटू आणि नंतर समालोचक झालेले रोबेर शापात यांच्या नावानं एक ठोकताळा चालतो: एकजुटीनं पाठलाग करणारा घोळका दर १० किलोमीटरला १ मिनिट कापतो. ३० किलोमीटर उरले असतील तर तीन मिनिटं हवीत. हौशी शर्यतीत पाठलाग इतका शिस्तीत क्वचितच होतो, त्यामुळे निम्म्या आघाडीवरही गट टिकलेले मी पाहिले आहेत.

पळालेल्या गटात पाळ्या लहान ठेवायच्या, वीस-तीस सेकंदांच्या. पुढे येताना वेग वाढवायचा नाही. पुढचा बाजूला झाला की तोच वेग धरून ठेवायचा, नाहीतर शेवटचा माणूस तुटतो आणि गटाचं एक इंजिन कमी होतं. ज्याचा स्प्रिंटर मागच्या घोळक्यात आहे त्यानं पाळी नाकारली तर रागावू नका, तो त्याचं काम करतो आहे. एकाच संघाचे दोघं गटात असतील तर मात्र सावध राहा. शेवटच्या दहा किलोमीटरांत ते आळीपाळीनं निसटतील. दर वेळी तुम्हीच मागे धावलात तर तिसऱ्या वेळी पाय उचलणार नाहीत. निदान एकदा तरी हात हँडलवर ठेवून, दुसऱ्या एकट्याकडे पाहून थांबता आलं पाहिजे. यासाठी जी हिंमत लागते ती स्प्रिंटच्या हिमतीपेक्षा मोठी आहे असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल, तर २५ जुलै २०२१ची टोकियो ऑलिंपिकमधली महिलांची रोड रेस आठवा. १३७ किलोमीटर, ६७ स्पर्धक. नेदरलँड्सच्या चौघी होत्या, अ‍ॅनेमीक व्हॅन व्ह्लूटेन, मारियान व्होस, आना व्हॅन डर ब्रेगन आणि डेमी व्हॉलरिंग, आणि चौघींपैकी कुणीही जिंकू शकली असती. ऑस्ट्रियाची एकच स्पर्धक होती, आना कीझेनहोफर. गणितात डॉक्टरेट मिळवलेली, विद्यापीठात संशोधन करणारी, आणि त्या वेळी कुठल्याही व्यावसायिक संघाशी करार नसलेली. सरावाची आखणी ती स्वतःच करायची.

शर्यत सुरू होताच ती निसटली. आणखी चौघी तिच्याबरोबर आल्या. मागे नेमका मांजर आणि घंटेचा तिढा उभा राहिला. बाकीच्या देशांचं म्हणणं, चार बलाढ्य डच आहेत, पाठलाग त्यांनीच करावा. डच चौघींना इतरांना फुकट ओढून न्यायचं नव्हतं. पुढच्या पाचजणींत धोकादायक नाव कुणालाच दिसत नव्हतं. आघाडी दहा मिनिटांच्या वर गेली. शेवटचे साधारण ४१ किलोमीटर उरले असताना, चढावर, कीझेनहोफरनं उरलेल्या दोघींना, पोलंडची आना प्लिख्ता आणि इस्रायलची ओमेर शापिरा यांना, मागे टाकलं आणि एकटी निघाली. ती टाइम ट्रायलची राष्ट्रीय विजेती होती, म्हणजे एकटीनं हवा कापणं हीच तिची खरी विद्या. ऑलिंपिकमध्ये कानात रेडिओ लावायला परवानगी नसते, त्यामुळे पुढे कोण आहे हे मागच्यांना कुणी सांगत नव्हतं. घोळक्यानं शेवटी प्लिख्ता आणि शापिरा यांना पकडलं, आणि मागे अनेकींचा समज झाला की आता पुढे कुणीच नाही. व्हॅन व्ह्लूटेननं रेषा ओलांडताना हात उंचावले. तिला वाटलं सुवर्ण आपलं. कीझेनहोफर ७५ सेकंद आधी पोहोचली होती.

लोक याला नशीब म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. जिच्याकडे कुणी लक्ष देत नव्हतं तिनं त्याचाच फायदा घेतला. ज्या वेळी बलाढ्य संघ एकमेकांकडे पाहत थांबणार होते, नेमकी ती वेळ तिनं साधली, आणि एकटं राहायची वेळ आली तेव्हा एकटं राहायची तयारी तिची आधीच झालेली होती.

आता खुराकाकडे. शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायू आणि यकृतातला साखरेचा साठा, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, आणि शर्यतीच्या मेहनतीला ते दीड-दोन तासांत तळाला जातं. म्हणून दोन तासांहून लांब शर्यतीत ताशी ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. जे खायचं ते सरावात खाऊन पोटाला सवय लावलेली असावी. भुकेची वाट न पाहता पहिल्या वीस मिनिटांतच सुरुवात करायची. संघाच्या माणसाला खाण्याच्या पट्ट्यात, म्हणजे खाणं-पाणी द्यायला ठरवलेल्या रस्त्याच्या तुकड्यावर, कुणी तरी बाटली हातात देतं. एकट्याला ओळखीचं कुणी तिथे उभं करता येतं का, हे आधीच ठरवावं लागतं. नसेल, तर पाऊण लिटरच्या दोन बाटल्यांवर भागवायचं. एकीत साखरेचं घट्ट द्रावण, दुसरीत साधं पाणी, आणि सुटण्याआधी पोटभर पिऊन घ्यायचं.

दुरुस्तीचंही तसंच. १९१३च्या टूर दे फ्रान्समध्ये टूरमाले घाटाच्या उतारावर यूजेन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचं चाक धरणारा चिमटा (फोर्क) तुटला. त्या काळी नियम होता की मदत घ्यायची नाही, दुरुस्ती स्वतःच करायची. तो सायकल खांद्यावर घेऊन दहा किलोमीटरहून जास्त चालत खालच्या गावातल्या लोहाराच्या भट्टीपर्यंत गेला आणि स्वतः लोखंड तापवून चिमटा जोडला. पंच शेजारी उभे राहून पाहत होते. भाता ओढायला एका मुलाची मदत घेतली म्हणून त्याला १० मिनिटांचा दंड झाला. नंतर तो ३ मिनिटांवर आणला गेला, पण शर्यत तर केव्हाच हातातून गेली होती. आज नियम एवढे कठोर नाहीत. काही शर्यतींत मागून गाडी येते आणि तिच्यात स्वतःचं जादा चाक ठेवता येतं, काहींत काहीच नसतं. माहितीपत्रकात ते लिहिलेलं असतं, नीट वाचा. डिस्क ब्रेक आणि अ‍ॅक्सलचा प्रकार जुळत नसेल तर दुसऱ्याचं चाक कामाचं नाही.

सामानावर पैसे घालवण्याआधी एक हिशेब करा. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या नियमानुसार सायकल ६.८ किलोहून हलकी चालत नाही. समजा तुम्ही एक किलो कमी केलात, तर वीस मिनिटांच्या सरळ चढावर साधारण १४ सेकंद वाचतील. उलट कोपरं वाकवून, डोकं खाली घेऊन हवेचा अडसर दहा टक्क्यांनी कमी केलात, तर ताशी ४०ला पंचवीसच्या आसपास वॅट वाचतात, तेही फुकट. जर्सीवर लावायचा शर्यतीचा नंबर ताणलेला, अंगाला चिकटलेला असणंही यातच येतं. आदल्या रात्री जर्सी उशीवर चढवून नंबर लावायचा. चार कोपऱ्यांना पिना पुरत नाहीत, प्रत्येक कडेच्या मध्येही एक हवी. पिन कागदातून आणि कापडातून दोनदा आरपार गेली पाहिजे, आणि मागचा खिसा पिनेत अडकला नाही ना ते बोट घालून पाहायचं. अडकला तर शर्यतीत खाण्याचं पाकीट बाहेर येत नाही, आणि ते कळतं तेव्हा वेग ४२ असतो.

शेवटच्या तीन किलोमीटरांत एकट्यानं स्वतःची गाडी ओढत न्यायची नाही, दुसऱ्याच्या गाडीला डबा जोडायचा. ज्या संघाचा स्प्रिंटर सगळ्यात बरा आहे त्याच्या मागचं चाक धरायचं, आणि ते धरून ठेवण्यासाठी खांदे रुंद, हात सैल. समोरून वारा असेल तर शेवटच्या दीडशे मीटरपर्यंत बाहेर यायचं नाही. मागून वारा असेल तर अडीचशेवरूनही निघता येतं, कारण मागच्यांना आडोशाचा फायदा कमी मिळतो.

आणि मागे पडलात तर? एकट्यानं तोंड पाडून परत फिरू नका. आपल्यासारखे आणखी तिघं-चौघं आसपास असतात. त्यांच्याशी पाळ्या लावून शर्यत पूर्ण करा. तिरपी रांग, लहान पाळ्या, चाक धरणं हे सगळं शिकायला ती शाळा अप्रतिम आहे, आणि पुढच्या शर्यतीत घोळक्यात त्यातला एक तरी चेहरा ओळखीचा असतो.

शर्यतीनंतर मी वहीत दोन रकाने करते. एकात, मी कितीदा वाऱ्यात आले आणि ती गरज होती. दुसऱ्यात, कितीदा आले आणि ती नव्हती. प्रत्येकापुढे जागा लिहायची: पुलाच्या आधी, दुसऱ्या चढानंतर, त्या लाल जर्सीवाल्यानं हाक मारली तेव्हा. पहिल्या वर्षी दुसरा रकाना पानाच्या तळापर्यंत जायचा. गेल्या शर्यतीत त्यात चार ओळी होत्या, आणि त्यातल्या तीन एकाच वळणावरच्या आहेत. या आठवड्यात ते वळण मी चालत जाऊन पाहणार आहे.